पाणसळीत बसवलेलं रिंगण

"बाई, आपल्या शाळेला घोडा का नाही?"

प्रश्न ठिणगीच्या तोंडून आला असला तरी तो तिचा नव्हता. तो मागच्या बाकावरच्या मैत्रिणींचा होता. शाळेच्या वार्षिक समारंभाला कोण पाहुण्या येणार हे कळल्यापासून त्या तिच्या मागे लागल्या होत्या, "विचारून दाखव. हिंमत असेल तर विचारून दाखव." गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेही घशातल्या घशात. पण शाळेच्या नाटकात कुणीतरी आजारी पडलं, आयत्या वेळी हिला उभं केलं, आणि त्या दिवशी जो आवाज सुटला तो परत आत गेलाच नाही. घरच्यांनी थोडे दिवस कौतुक केलं, मग थोडे दिवस दारं लावून पाहिली. ठिणगी हे नावही तेव्हाच पडलं.

पाहुण्या होत्या गावाबाहेर घोडेस्वारीचा वर्ग चालवणाऱ्या बाई. उंच, ताठ, केस करडे, आणि आवाज असा की माइक त्यांच्यापुढे नुसता शोभेला उभा होता. सगळे त्यांना घोडेवाल्या बाई म्हणत.

"घोडे आहेत गं, तबेलाही आहे," बाई म्हणाल्या. "फिरवायला जमीन नाही. आमच्या मैदानाच्या मालकाने जागा परत मागितली आहे. दुसऱ्या गावातल्या क्लबाने बोलावलंय. पावसाळा संपला की मी घोड्यांना घेऊन तिकडे निघाले."

सभागृहातून 'अरेरे' असा एक लांब सूर निघाला. इथे ठिणगीने खाली बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे खाली बसायचं असतं. पण माइक हातात होता, सगळी शाळा आपल्याकडे बघत होती, आणि आवाज हा असा प्राणी आहे की एकदा मोकळा सुटला की मालकाला विचारत नाही.

"जागा आमच्याकडे आहे!" ठिणगी म्हणाली. "पावसाळा संपायच्या आत तुम्हाला रिंगण बांधून देऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी आनंदाने जाहीर केलं, "या मुलीच्या पालकांनी कृपया उभं राहावं."

बाबांनी यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. ते वजनमाप खात्यात होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, हे त्यांचं काम, आणि ते काम त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांच्या खिशात कायम एक पाणसळ असायची. म्हणजे बोटभर काचेची नळी, आत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मध्ये आला की बाबांच्या मते जग जागच्या जागी होतं. समारंभ सुरू झाल्यापासून ते मंचावरचं टेबल डावीकडे कलतंय या चिंतेत होते. आईने चिमटा काढला तेव्हा ते उठले, लोक टाळ्या वाजवतायत हे पाहून वाकून नमस्कार केला, आणि खाली बसून विचारलं, "कशाबद्दल?"

आईने सांगितलं. बाबा पुन्हा उभे राहिले. पण तोवर टाळ्या संपल्या होत्या.

"आमच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे?" घरी जाताना आई म्हणाली. आई शाळेचे गणवेश शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यामुळे तिची वाक्यं तोकडी आणि टोकदार असत. "त्या प्लॉटवर आपलं घर व्हायचंय."

"आई, ते घर माझ्या जन्माच्या आधीपासून व्हायचंय."

हे खरं होतं. प्लॉट घराच्या मागच्याच गल्लीत होता. सुट्टीच्या दिवशी बाबा तिथे जाऊन, हात मागे बांधून, दिवाणखाना कुठे येईल ते बघून येत. आतापर्यंत दिवाणखान्याने चारही दिशा पाहून झाल्या होत्या.

"मी शब्द दिलाय, बाबा," ठिणगी म्हणाली. आणि मग, आवाज जरा खाली आला, "सगळ्यांसमोर दिलाय. आता नाही झालं तर मी परत शाळेत तोंड उघडू शकेन का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने टाचणी नसतानाही ओठ घट्ट मिटले. "मी वाकून नमस्कार केलाय," बाबा शेवटी म्हणाले, "तोही सगळ्यांसमोर. आता मागे कसं फिरायचं?"

अशा रीतीने प्रकल्प मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी बाई प्लॉट बघायला आल्या. त्यांनी बुटाच्या टाचेने जमीन उकरली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "अरे देवा. काळी."

ती काळी होतीच. उन्हाळ्यात तिला एवढाल्या भेगा पडायच्या की बाबांची एक किल्ली आत गेली ती गेलीच, आणि पावसात ती चपलेला अशी चिकटायची की माणूस पावलागणिक उंच होत होत घरी पोचायचा.

"माझं आत्ताचं मैदान माळावर आहे," बाई म्हणाल्या. "खाली मुरमाड, वर वाळसर. निसर्गाने केलेलं, मी फक्त कुंपण घातलं. काळ्या मातीवर रिंगण कसं करतात ते मला ठाऊक नाही. पण घोड्याला काय लागतं ते ठाऊक आहे. पाणी थांबायला नको, पाय घसरायला नको, पाय आदळायला नको. एवढं जमवा. अधूनमधून मी घोडीला घेऊन येईन. ती सांगेल."

ती घोडी म्हणजे महाराणी. बदामी रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरचा माणूस चुकीच्या कपड्यांत आलाय.

बाबा परवानगीसाठी नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "काय बांधताय?"

"रिंगण. घोड्यासाठी."

"म्हणजे तबेला?"

"नाही. घोडा राहणार नाही. फक्त फिरणार."

"म्हणजे क्रीडांगण?"

"म्हणता येईल."

"क्रीडांगणात जनावरं आणायला बंदी आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "छप्पर आहे?"

"नाही."

"मग बांधकाम नाही. खोदणार आहात?"

"थोडंसं."

"मग बांधकाम आहे." साहेब थोडा वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. "असं करा. आधी बांधा. मग ते काय आहे ते आम्ही येऊन सांगू."

बाबांना हे फारच समंजस वाटलं. सरकारी नोकराला सरकारी नोकर भेटला की असं होतं.

बातमी गल्लीभर पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले यायला त्याहूनही कमी लागला. पहिल्या आल्या समोरच्या बागमावशी. त्यांच्या गच्चीत इतक्या कुंड्या होत्या की त्यांना शोधायला त्यांचा नवरा हाका मारत फिरायचा. "हिरवळ लावा," मावशी म्हणाल्या. "माती धरून ठेवते, मऊ असते, डोळ्यांना बरी. सिनेमात घोडे नेहमी हिरवळीवरच पळतात."

सिनेमाचं नाव निघाल्यावर ठिणगीला दुसरं काही सुचेना. मावशींनी रोपं दिली, बाबांनी नळी लावली, ठिणगीने रोज संध्याकाळी पाणी दिलं. हिरवळ अशी काही उगवली की लोक मुद्दाम त्या गल्लीतून जायला लागले. मावशी त्यांना थांबवून थांबवून सांगायच्या, "माझीच हो."

मग बाई महाराणीला घेऊन आल्या. महाराणीने रिंगणात पाऊल टाकलं, मान खाली घातली, आणि वर काढली ती पोट भरल्यावरच. बाईंनी लगाम ओढला, ठिणगीने टाळ्या वाजवल्या, बाबांनी "अहो, अहो" असं आदरपूर्वक म्हणून पाहिलं. घोडीने सुरुवात कडेने केली आणि अत्यंत शिस्तीत मध्यापर्यंत आली. जी खाल्ली नाही ती तुडवली, आणि त्याखालच्या ओल्या काळ्या मातीत तिचा मागचा पाय असा सटकला की बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"घसरली," बाई म्हणाल्या. "आणि जेवली. चालणार नाही."

बागमावशी पुढे आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. कुंड्यांशीसुद्धा.

दुसरा सल्ला शेजारच्या सडककाकांचा. काका आयुष्यभर रस्ते बांधून निवृत्त झाले होते, आणि कुठल्याही विषयावर बोलताना ते दोन्ही हातांनी आधी एक अदृश्य रस्ता मोकळा करून घेत. "लोकांचं ऐकता काय," ते म्हणाले. "मुरूम टाका. लाल मुरूम. पाणी मारा, रोलर फिरवा. त्यावरून रणगाडा गेला तरी ठसा उमटणार नाही."

मुरूम आला, रोलर आला. रोलर अर्धा दिवस गल्लीत फसून बसला तेव्हा सगळ्या गल्लीची कामं खोळंबली आणि ठिणगीचे बाबा कोण हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. पण जमीन झाली खरी. लाल, घट्ट. चेंडू टाकला तर छातीपर्यंत उसळायचा.

बाई आल्या. या वेळी महाराणीला त्यांनी फाटकाबाहेरच उभं केलं. एक स्टूल मागवलं. "साहेब, यावर चढा," त्या बाबांना म्हणाल्या. "चपला काढा. आणि खाली उडी मारा."

कुंपणाला तोवर बरीच मंडळी जमली होती. बाबांनी शर्टाची बटणं नीट केली, स्टूल कलतंय का ते पाणसळीने पाहिलं, आणि उडी मारली. पुढचा काही काळ ते एका पायावर उभे होते आणि त्यांच्या तोंडून निघालेला शब्द वजनमाप खात्यातल्या माणसाला शोभणारा नव्हता.

"तुमची ही एक उडी झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "घोडा पळताना दर टापेला असा आदळतो. आणि पाठीवर माणूस."

"रणगाड्याला काही झालं नसतं," सडककाका पुटपुटले.

"मग रणगाडा पाळा ना, काका!" ठिणगी फटकन म्हणाली. कुंपणाची मंडळी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी हातांनी मोकळा केलेला तो अदृश्य रस्ता गुंडाळला आणि घरी गेले. त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. समोरासमोर आले की काका डोक्यावरच्या विजेच्या तारा मोजायला लागायचे.

बाबांनी टाचेला शेक घेता घेता जाहीर केलं, "आता कुणाचा सल्ला नको. माझी बुद्धी मला आहे." आणि ती त्यांनी वापरली, हीच खरी पंचाईत झाली.

बाबांचं म्हणणं साधं होतं. मुरूम टणक आहे, तर त्यावर वाळू टाकू. वाळू मऊ. वाळू वाहून जाऊ नये म्हणून सगळीकडून विटांचा कठडा. आणि सगळं रिंगण एका पातळीत. अगदी तंतोतंत. खालचा मुरूम त्यांनी पुन्हा खरवडून घेतला, आडवी फळी टाकून त्यावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खरवडलं, मग फळी हातभर सरकवून पुन्हा. सुट्ट्या त्यात गेल्या. एके दिवशी ऑफिसातले सहकारी खास बघायला आले. त्यांनी स्वतःच्या पाणसळी काढल्या, ठिकठिकाणी ठेवल्या, आणि सगळ्यांचे बुडबुडे मध्ये आले तेव्हा त्यांच्यातल्या एका वयस्क साहेबांनी बाबांचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. ठिणगीने बाबांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

रिंगण दिसायला देखणंच होतं. गोल, पिवळसर, काठाला लाल विटा. गल्लीतल्या सगळ्या मांजरांनी ते एका सकाळीच पसंत केलं, आणि ज्या कामासाठी पसंत केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग उन्हाळी वारा सुटला आणि वाळू उठून बागमावशींच्या कुंड्यांत आणि सडककाकांच्या चहात पडायला लागली. बाबा म्हणाले, पाऊस आला की बसेल.

पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री थांबला नाही. तिसऱ्या सकाळी ठिणगी धावत प्लॉटवर गेली आणि फाटकातच थबकली. रिंगणाच्या जागी तळं होतं. अतिशय सुरेख, गोल, काठोकाठ तळं. खाली घट्ट मुरूम, त्याखाली फुगलेली काळी माती, चहूबाजूंनी कठडा. पाण्याने जायचं तरी कुठून? त्यात ढगही दिसत होते, आणि एक बेडूक कठड्यावर बसून सगळं आपल्यासाठीच केल्यासारखा पाहणी करत होता.

"पातळी बघ," मागून आलेले बाबा खोल आवाजात म्हणाले. "सगळीकडे सारखं पाणी. एका सुताचा फरक नाही."

कुणीतरी डासांची तक्रार केली. कुणी ते कधीच कळलं नाही, पण नगरपालिकेचे निरीक्षक आले तेव्हा सडककाका तारा मोजत होते. निरीक्षकांनी काठी बुडवली, कठडा पाहिला, घेर पाहिला, आणि खिडकीतल्या साहेबांनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी सांगितलं ते काय आहे ते.

"पोहण्याचा तलाव," ते म्हणाले.

"अहो, हे घोड्याचं रिंगण आहे!" ठिणगी ओरडली.

"घोडा कुठे आहे?"

"अजून यायचाय."

"पाणी आलंय," निरीक्षक म्हणाले. "तलावाला खोलीचा फलक पाहिजे, तरंगणारी रबरी कडी पाहिजे, कपडे बदलायला आडोसा पाहिजे. नाहीतर दंड."

बाबा नियम मोडणारे नव्हते. संध्याकाळपर्यंत कठड्यावर फलक लागला: 'खोली अर्धी वीत. पोहता न येणाऱ्यांनी उतरू नये.' आडोशासाठी आईने जुना पडदा दिला.

शाळेत ही बातमी ठिणगीच्या आधी पोचली. मधल्या सुट्टीत एक मुलगा फुगवलेली हवेची कडी कमरेला घालून वर्गात आला आणि विचारायला लागला, "घोडा कुठल्या बाजूने पोहतो गं?" वर्ग हसून लोळला. ठिणगीने तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. आवाज, तो तिचा मोकळा सुटलेला आवाज, परत घशात जाऊन बसला होता. दुपारी हजेरीला ती 'उपस्थित' म्हणाली ते शेजारणीलाही ऐकू गेलं नाही.

त्यातच बाईंचा फोन आला. दुसऱ्या गावातले लोक घोड्यांसाठी गाडी ठरवतायत. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ," बाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या, आणि ठिणगीला तेच सहन झालं नाही.

घर चिडीचूप झालं. आधी तिच्या बडबडीने वैतागलेली आई आता शिवणयंत्र थांबवून थांबवून तिच्याकडे बघायची. "काहीतरी बोल गं," एकदा म्हणालीसुद्धा. "मशीनचा आवाज फार मोठा वाटतोय."

ठिणगीने बरण्या आणल्या. एकीत काळी माती, एकीत मुरूम, एकीत वाळू, एकीत काळी माती नि वाळू एकत्र. सगळ्यांत पाणी भरलं, हलवलं आणि खिडकीत ठेवलं. वाळूची बरणी बघता बघता निवळली. काळ्या मातीची दुसऱ्या दिवशीही गढूळच. आणि चौथीत वाळू मातीत अशी काही बुडून गेली की ती होती की नव्हती तेच कळेना. बाबांनी ती थंड कॉफी समजून उचलली, तेवढ्यात आईने हात धरला. वाळू आणि काळी माती एकमेकींना भेटताच कामा नयेत, हे ठिणगीला त्या खिडकीत कळलं. पाण्याचं काय करायचं ते मात्र मोरीत कळलं. भांडी घासायची पाळी तिची होती. सरळ ठेवलेल्या ताटात पाणी साचलं होतं. पालथं ठेवलेलं ताट कोरडं होतं. ती ते ताट हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली, मग त्यावर पेलाभर पाणी ओतलं. मग आणखी एक पेला. मग तिने मोरीतूनच हाक मारली, आणि ती हाक बागमावशींना गच्चीत ऐकू गेली.

"बाबा! रिंगणाला पोट पाहिजे!"

बाबांना हे समजावणं सगळ्यांत कठीण गेलं. मध्ये उंच, कडेला उतार, म्हणजे बुडबुडा कुठेच मध्ये येणार नाही. ते पालथ्या ताटावर पाणसळ ठेवून तिचा कडेला पळालेला बुडबुडा बघत राहिले. "हे मुद्दाम करायचं?" त्यांनी विचारलं. "ठरवून?"

"ठरवून, बाबा."

"ऑफिसात कळता कामा नये," बाबा म्हणाले, आणि तयार झाले.

उतार किती द्यायचा हे सांगणारा गल्लीत एकच माणूस होता. ठिणगी सडककाकांच्या दारात जाऊन उभी राहिली. काकांनी छताकडे पाहिलं. तिथे तारा नव्हत्या.

"काका, मी सगळ्यांसमोर उलट बोलले. चुकलं माझं. रस्त्याला मध्ये उंचवटा देतात ना?"

"देतात म्हणजे?" काका उसळले. "दिलाच पाहिजे! मी सांगणारच होतो. पण तुमच्याकडे बुडबुड्यांचं संमेलन चाललं होतं, मला कोण विचारतंय? आणि कडेला चर खणा, त्यात दगड, दगडांत भोकांचा पाइप, पाइप थेट गटाराला. आणि तो कठडा फोडा आधी! कुणी सांगितला होता कठडा?" एवढं बोलेपर्यंत त्यांच्या दोन्ही हातांनी नवा रस्ता मोकळा झाला होता.

मग पाऊस उघडला की काम. कठडा फुटला, तळं वाहून गेलं, बेडूक निषेध नोंदवून बागमावशींकडे राहायला गेला. मुरमाला पोट आलं. रस्त्यांखाली घालतात ते जाड विणलेलं कापड काकांनी कुठून तरी मिळवलं, म्हणजे खालची काळी माती वरच्या वाळूला भेटायला नको. गोल गुळगुळीत वाळू काढून टाकली, कारण पायाखालून ती गोट्यांसारखी पळते. त्याऐवजी दगड फोडून केलेली कोनेदार वाळू आली, एकमेकींत अडकून बसणारी. पाय आदळू नयेत म्हणून आईने तिच्यात शिवणातली कातरणं मिसळली, पोतीच्या पोती. शाळेचे सगळे गणवेश त्या रिंगणात बारीक होऊन पडले. आणि उन्हाळ्यात वाळू उडू नये, ओल धरून राहावी म्हणून काथ्या पाहिजे असं ठरल्यावर आईने बाबांची काथ्याची गादी उसवली. बाबा ऑफिसातून आले तेव्हा ती अर्धी वाळूत गेली होती.

"माझी गादी?"

"सगळ्यांसमोर नमस्कार केलाय ना?" आई म्हणाली. "मग झोपा आता जमिनीवर. पातळी आहे तिला."

मग पुन्हा जोराचा पाऊस झाला. तो थांबल्यावर जेमतेम चहा पिण्याएवढ्या वेळाने बाई आल्या, महाराणीसकट. मागोमाग निरीक्षक आले, तलाव बघायला. त्यांनी काठी टोचली. टोकाला ओलसर वाळू लागली, पण पाणी नव्हतं.

"पाणी कुठे गेलं?" निरीक्षकांनी कडक आवाजात विचारलं.

"गटारात," बाबा अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे तलाव गळतोय." त्यांनी दुरुस्तीची नोटीस लिहायला घेतली. पण तेवढ्यात बाईंनी महाराणीला आत सोडलं आणि निरीक्षकांची लेखणी थांबली. घोडी आधी चालली, हुंगत, संशयाने. मग दुडक्या चालीने. मग बाईंनी नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला आणि ती पळायला लागली, गोल, गोल, मानेचे केस उडवत. टापांचा आवाज असा मऊ येत होता, जसं कुणी गादी झटकतंय. एकदाही पाय सटकला नाही, एकदाही ती अडखळली नाही. निरीक्षकांनी नोटीस खिशात घातली आणि कुंपणावर हनुवटी टेकली.

बाईंनी घोडीच्या घोट्यांवरून हात फिरवला. खालची वाळू मुठीत दाबून पाहिली. मग फोन काढला आणि पलीकडच्या कुणालातरी, पूर्वीच्याच त्या मोठ्या आवाजात, म्हणाल्या, "गाडी पाठवू नका. आम्ही इथेच राहतोय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे जमले. मुख्याध्यापक, मैत्रिणी, बागमावशी, काका, तो कडीवाला मुलगासुद्धा, कडीशिवाय. "पहिला मान तुझा," बाई म्हणाल्या. बाबांनी नवीन हेल्मेट तिच्या डोक्यावर सरळ बसवलं. ठिणगी त्याच स्टुलावरून खोगिरावर चढली.

आणि खाली पाहिलं.

घोडा बाजूने दिसतो त्याच्या दुप्पट उंच वरून असतो, हे कुणी सांगत नाही. महाराणी श्वास घेत होती आणि त्याबरोबर सगळं खोगीर वर जात होतं, खाली येत होतं. तिने एक पाऊल टाकलं. ठिणगीने खोगिराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मैत्रिणी ओरडत होत्या, "पळव! पळव!" डोळे मिटून एक फेरी मारता आली असती. कुणाला कळलं नसतं. टाळ्या पडल्या असत्या.

"बाई," ठिणगी म्हणाली, चांगलं खणखणीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "मला उतरवा. मला भीती वाटतेय."

कुणीतरी हसलं, आणि आश्चर्य म्हणजे ठिणगीही हसली. बाईंनी तिला उतरवलं. उतरल्या उतरल्या तिचं लक्ष टापेच्या ठशाकडे गेलं. अर्धचंद्रासारखा, कडा स्वच्छ, ना खोल ना उथळ. ती तिथेच उकिडवी बसली, बोटाने ओल तपासली, आणि मग कुंपणाशी उभ्या असलेल्या आईबाबांकडे गेली. बाबांच्या हातात कॅमेरा तसाच राहिला होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मी घोड्यावर बसणार नाही. बहुतेक कधीच नाही. बसायला माझ्या मैत्रिणी आहेत. आई, तुला हवं तर तू बस. पण रिंगण मी सांभाळणार. रोज सकाळी शाळेआधी दंताळं मी फिरवणार, पाणी किती शिंपडायचं ते मी सांगणार. आणि बाईंना सगळे घोडे एकदम पळवायला मोठी जागा लागेल, ती शाळेच्या मैदानावर करायची, उतारासकट, आणि तीही मीच आखणार. मुख्याध्यापक तिथे उभेच आहेत. मी विचारून येते. नाही म्हणाले तर उद्या परत विचारीन."